हिरडीतला कोंबडा

"सांगून तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "पण माझ्या ह्या वरच्या दोन दातांच्या मुळाशी कोंबडा आहे."

दवाखान्याच्या बाकावर माझ्या डावीकडं बसलेले गृहस्थ सुजलेला गाल तळहातात धरून होते. नाव शेळके, एस.टी.त कंडक्टर म्हणून तीस वर्षं काढलेली. एवढं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. त्यांनी माझ्याकडं बिनतिकिटाच्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"कोंबडा?"

"तुरा त्याचा. बाकीचा कोंबडा नाही."

"मामा, नको की," उजवीकडनं सारिका म्हणाली. सारिका म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची एकुलती एक लेक. ती उठली, दारापर्यंत गेली, चपला जागेवर आहेत का बघितलं आणि परत येऊन बसली. अर्ध्या तासातली ही सहावी फेरी. गेल्या महिन्यापासून तिच्या हिरड्यांतनं रक्त येत होतं, उशीच्या अभ्र्यावर डाग पडत होते, आणि इंजेक्शन म्हटलं की ही बाई तासगावातनं पळून जाईल असा जावयाचा निरोप होता. म्हणून तिला घेऊन मी आलेलो. ती सुटून जाऊ नये हे माझ्याकडं लागलेलं काम. लहानपणी तिला भात भरवायचा तर गोष्ट लावून द्यावी लागायची. अडतीस वर्षांची झाली तरी दुसरा उपाय मला ठाऊक नव्हता.

"बस खाली," मी म्हणालो. "ह्या साहेबांना तुझ्या लग्नाची गोष्ट सांगतो."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. "कुठली?"

"कुठली म्हणजे? एकच झालं की लग्न तुझं."

शेळके गालातल्या गालात हसले आणि कळ आल्यावर थांबले. मी सुरू केलं.

साहेब, मी बँडवाला. क्लॅरिनेट वाजवतो. आमच्या धंद्यात दात गेला की माणूस गेला. कसं ते सांगतो. क्लॅरिनेटचं तोंड असतं ना, त्याच्यावर वरचे दोन दात टेकवायचे, घट्ट. खालच्या अंगाला वेताची पातळ पत्ती बांधलेली असते, ती येते खालच्या ओठावर. फुंक मारली की पत्ती थरथरते. पत्ती थरथरली तर सूर, नाहीतर नुसतं लाकडाचं नळकांडं. आणि वरचे दात हलायला लागले की सूरही हलतो. लोकांना वाटतं मास्तर मुरक्या घेतोय.

चौदा वर्षांमागं माझे ते दोन दात हलायला लागले. मी सहा महिने मुरक्या घेतल्या. माझा जोडीदार इलाही, इलाही मुलाणी, दुसरं क्लॅरिनेट वाजवायचा, तो एका वरातीत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, लई हालतंय. सूर म्हणत नाही मी. दात म्हणतोय."

तेव्हा ह्याच दवाखान्यात आलो. हीच सारिका मला घेऊन आली, हाताला धरून, आज मी तिला आणलंय तसं. तेव्हा पळायच्या तयारीत मी होतो.

कुंभोजकर डॉक्टरीणबाई तेव्हा नव्या होत्या. त्यांनी एक बारीक सळई घेतली, तिच्यावर खुणा, आणि हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून मोजायला लागल्या. "पाच. सहा. सात. परत सात." शेजारची मुलगी लिहून घेत होती. मला वाटलं मार्क देतायत. मी खूश.

"हे चांगले आकडे नाहीत," बाई म्हणाल्या. "हिरडी दाताला चिकटून असायला पाहिजे, तिथं खिसे झालेत. त्यात घाण साठते, आतलं हाड झिजतं, मग दात हलतो. मशेरी लावता?"

"नाही," मी म्हणालो.

"सकाळी आणि संध्याकाळी," सारिका म्हणाली.

बघा, तेव्हापासनं हिला ही खोड आहे.

बाई म्हणाल्या, आधी मुळापर्यंत सगळं खरवडून साफ करायचं. मग त्या खिशांत एक जेल भरायचं. हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं.

मी खुर्चीतनं अर्धा उठलो. "अ‍ॅसिड? बाई, अ‍ॅसिडनं आम्ही मोरी धुतो."

"तसलं नाही हो. हे तुमच्या अंगात आहेच. गुडघ्यात आहे, कातडीत आहे, हिरडीतसुद्धा आहे. ते पाणी धरून ठेवतं, जखम भरायला मदत करतं. आपण वरनं थोडं जास्त देतोय, एवढंच. जादू नाही ही. खरं काम साफसफाईचं आणि तुमच्या धीराचं. जेल हाताखालचा गडी."

"आणि हे काढतात कशातनं?"

"पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातनं काढायचे. आता जंतूंकडनं तयार करून घेतात."

जंतूंचं मी ऐकलंच नाही. माझं ध्यान तुऱ्यावर अडकलं.

"तुऱ्यातनं?" शेळक्यांनी विचारलं. "हे खरं का थाप?"

"हे खरं," सारिका म्हणाली. ती पुन्हा उभी राहिली होती. "मी होते तिथं. बाई म्हणाल्या होत्या."

"एवढं एक खरं, असं म्हणायचंय तिला," मी म्हणालो.

मग बाईंनी खरी गोष्ट काढली. म्हणाल्या, "तीन आठवडे क्लॅरिनेट तोंडाला लावायचं नाही. हिरडीला दाताला परत धरायचंय. तुम्ही त्या दातांवर जोर दिलात तर ते धरणार नाही. मग हे दोन दात मला काढावेच लागतील. आणि ते काढले की तुमचं वाजवणं संपलं."

मी बोटं मोजली. लग्नाला अकरा दिवस होते. हिच्या.

शेळके म्हणाले, "मग काय झालं? दुसरा कुणी वाजवील की. बँड आहे म्हणता."

इथं, साहेब, तुम्हाला बँडवाल्याच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. बँडवाल्याच्या घरच्या लग्नात बँड नसतो. का? तर त्याच मुहूर्ताला गावात आणि दोन लग्नं असतात, आणि त्यांची सुपारी आपण आधीच घेतलेली असते. घरच्यांनी समजून घ्यायचं, असा आमचा रिवाज. माझी बहीण हौसाक्का सासरी गेली त्या दिवशी आमचा बाप आणि मी विट्याला दुसऱ्याच्या पोरीच्या पाठवणीला वाजवत होतो. अक्का बैलगाडीत बसली ती बैलांच्या घुंगरांवर. मी परत आलो तेव्हा अंगणात नुसत्या अक्षता. त्या मी वेचत बसलो होतो, सतरा वर्षांचा घोडा.

तेव्हा मी अक्काला शब्द दिला. तुझ्या पोटी लेक झाली तर तिच्या पाठवणीला मी वाजवीन, जग इकडचं तिकडं झालं तरी. आमच्या आज्यानं पिलू रागात एक चाल बसवलेली होती, खास पाठवणीची. ती तुझ्या लेकीसाठी. ती म्हणाली, लेक आधी होऊ दे. लेक झाली. अक्का हिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी वारली, तेव्हापासनं ही आमच्याच घरी. पण शब्द ती घेऊन गेली नव्हती, तो माझ्याकडंच राहिलेला.

सारिका बसली. ह्या वेळी चपला बघायला गेली नाही.

मग त्या अकरा दिवसांत माझं काय झालं म्हणता! बसवेना, उभं राहवेना. हात रिकामे राहिले की बोटं चालायला लागायची. भिंतीवर चाल वाजवली, दाराच्या कडीवर वाजवली, जेवताना भाकरीवर वाजवली. भाकरीला आठ भोकं पडली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला तर बोटं तिथंही फिरली, आणि ती म्हैस, साहेब, पिलूत हंबरली. कोमल गंधार लावून.

"हं," शेळके म्हणाले.

आणि चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली तीच घसा ताणत. काय झालं कळायच्या आत तोंडातनं बाहेर पडलं. आरवलो मी. खणखणीत! गल्लीतल्या चार कोंबड्या उंबऱ्याशी येऊन बसल्या आणि माझ्याकडं मान वाकडी करून बघायला लागल्या. आमची मंडळी म्हणाली, हिरड्यांचं औषध घेऊन आला की डोकं फिरवून घेऊन आला?

"हे थापच," शेळके म्हणाले.

"कोंबड्या यायच्या," सारिका म्हणाली. "तुम्ही त्यांना भाकरीचे तुकडे टाकायचात. तुम्हाला भाकरी चावत नव्हती म्हणून."

"तू गप. नवरीला लग्नाच्या आधी घरातलं काय कळतं?"

"सगळं कळतं," ती म्हणाली.

मी पुढं चाललो. इलाहीला मी सांगितलं, ह्या मुहूर्ताला तू बँड घेऊन विट्याची सुपारी कर, मी घरी वाजवतो. तो म्हणाला, "मास्तर, दाताचं काय?" मी म्हणालो, "दात माझे, भाची माझी." तो गप्प बसला. चाळीस वर्षांच्या जोडीत तो माझ्यापुढं तीनदा गप्प बसला असेल. त्यातलं हे एक.

दर सकाळी मी क्लॅरिनेटची पेटी उघडायचो, पत्ती काढून ओल्या फडक्यात गुंडाळायचो, परत ठेवायचो. वाजवायचो नाही. एकदा नुसतं ओठाला टेकवलं तर सारिका दारात उभी! हातात हळदीचं ताट. मी म्हणालो, "पुसतोय." ती म्हणाली, "पुसा."

लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता पडल्या, जेवणं झाली. दुपारी चारला पाठवणी. मांडवाच्या दारात गाडी लागली. व्याही, जावई, बायका, सगळे उभे. कुणी रडायला लागलेलं, कुणी रडायची तयारी करत होतं. मी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. मनात म्हणालो, अक्का, घे.

"आणि?" शेळक्यांचा हात गालावरनं खाली आला होता.

आणि काय! लावलं तोंडाला. डोळे मिटले. गाल फुगवले. आणि सूर आला, साहेब! असा सूर मी जन्मात काढला नव्हता. माझ्या मागनं, पाठीतनं, कुठनंतरी खोलातनं यावा तसा. आज्याची चाल, पहिल्या मात्रेपासनं. घोडा होता वरातीचा, तो खाली बसला. फोटोवाल्याच्या हातातनं कॅमेरा सुटला. व्याहीण तर इतकी रडली की म्हणाली, पोरीला नेत नाही, आमचा मुलगाच इथं ठेवून घ्या. दाताला एक कळ नाही, हिरडीला एक थेंब रक्त नाही! अकरा दिवसांत हिरडीनं दाताला असं धरलं होतं की बाईंनी तीन आठवड्यांनी बघितलं तर त्या थक्क. सातचे चार झाले होते. म्हणाल्या, भंडारे मास्तर, तुम्ही तंतोतंत ऐकलंत म्हणून हे झालं. मी म्हणालो, बाई, ही कोंबड्याची ताकद. आणि ही पोरगी माझ्या पाया पडायला वाकली तरी मी थांबलो नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा राहिला, पण सूर सोडला नाही.

मी वरच्या दातांवर नख वाजवून दाखवलं. टक टक. "बघा. अजून तेच आहेत."

शेळके वाकून माझ्या तोंडात बघत राहिले. तिकिटाची तारीख बघावी तसे. मग म्हणाले, "मास्तर, एक सांगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वाजवलं तर दात जाणार."

"म्हणाल्या होत्या."

"तुम्ही वाजवलं."

"वाजवलं."

"मग दात हैत कसे?"

"तोच तर चमत्कार सांगतोय."

"आणि घोडा कशाला? पाठवणीला गाडी लागली म्हणालात."

"पाव्हण्यांचा होता. हौसेनं आणलेला."

"बरं. ती चाल परत कधी वाजवलीत?"

मी बाकावरनं उठलो. पाय आखडले होते. खिडकीपर्यंत गेलो, खाली रस्त्यावर कलिंगडाची गाडी उभी होती ती बघितली. बोटं खिडकीच्या गजावर होती. बघितलं तर चालतच होती. "नाही," मी म्हणालो. "एकदा वाजवली तेवढी पुरे."

"आणि ते तुमचे इलाही? त्यांनी ऐकली का?"

"तो विट्याला होता. सांगितलं की." मी गजावरनं हात काढला. "आता तर तो नाहीच. दोन वर्षं झाली."

आतनं मदतनीस मुलीनं हाक मारली, "सारिका पाटील!"

मी दाराच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता ही पळणार. पण ती उठली ती सावकाश. पदर सारखा केला, पर्स माझ्या हातात दिली आणि आतल्या दाराकडं निघाली. उंबऱ्यावर थांबली. शेळक्यांकडं बघून म्हणाली, "खोटं आहे हो ते. मामांनी वाजवलंच नाही."

"सारे!" मी म्हणालो.

"पाया पडायला वाकले ना मी, तेव्हा खालनं वर बघितलं. क्लॅरिनेटच्या तोंडाला पत्तीच नव्हती. उघडं लाकूड. आणि ह्यांचे गाल असे फुगलेले, डोळे मिटलेले, बोटं एक चुकत नव्हती." ती माझ्याकडं वळली. "सूर भटारखान्याच्या मागनं येत होता, मामा. इलाहीमामा होते तिथं, चुलाणाच्या धुरात उभे. मीच निरोप पाठवला होता त्यांना. विट्याला बँड गेला, ते नाही गेले."

इलाहीचं मला तेव्हा मांडवातच कळलं होतं. इतकी वर्षं शेजारी वाजवलेला माणूस पहिल्या सुराला ओळखू येतो. पण पत्ती? मी चौदा वर्षं समजत होतो की गडबडीत मीच पेटीतनं कुठंतरी पाडली. कधीकधी वाटायचं, इलाहीनं काढली असेल. तो जाईपर्यंत मी त्याला विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही.

"पत्ती..." मी म्हणालो.

"हळदीच्या दिवशी तुम्ही पुसत होतात ना, ती? लग्नाच्या सकाळी मी पेटीतनं काढून घेतली. माझ्या ओटीच्या खणात बांधलेली होती, तांदळात. तुमच्यासमोरनं घेऊन गेले."

आतनं पुन्हा हाक आली. सारिका आत पाऊल टाकता टाकता म्हणाली, "अजून आहे माझ्याकडं. तुम्ही कधी मागितली नाहीत."